फिरकीच्या तांब्यातलं पाणी

माय,

घाणीबद्दल लिहायचं आहे, म्हणून सुरुवातीला गोडधोड काही लिहीत नाही. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुझी आठवण आली ती बहुतेक वेळा वासासकट आली. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आता बोलते, कारण समोर टेबलावर एक यादी पडली आहे. आमच्या मानवतच्या गल्लीतलं भजनी मंडळ पुढच्या गुरुवारी परळीला निघालंय. मी निवृत्त मास्तरीण, अक्षर बरं, म्हणून यादी करायचं काम कायम माझ्याकडे. माझं धरून तेरा नावं लिहून झाली. चौदावं नाव वालूरच्या मावशीचं. तुझी शेजारीण, आपल्या भिंतीला भिंत लागून राहणारी, नवी नवरी म्हणून आली तेव्हा सकाळी तुझ्या चुलीतून विस्तव न्यायची ती. बाकीच्या बायकांनी मला सांगून टाकलंय की या खेपेला तिला आणायचं नाही, मागच्या वेळी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाताना तिनं गाडीत घाण केली. मी तेव्हा मान हलवली. ती घाण तिची नव्हती, माझी होती. आणि संध्याकाळपर्यंत यादी गाडीवाल्याला द्यायची आहे.

माझं नाक तुला माहीत आहे. ताटावर माशी बसली की मी ताट सरकवून उठायची आणि तू म्हणायचीस, "राजाच्या पोटी का न्हाई जल्मलीस?" शाळेत चौतीस वर्षं मी तेच केलं. प्रार्थना झाली की नखं, कान, रुमाल. ज्या लेकराच्या चड्डीला वास यायचा त्याला शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी बसवायची आणि वर सांगायची की तिथं वारं चांगलं लागतं. तीन वर्षांपूर्वी माझी गर्भाची पिशवी काढली आणि तेव्हापासून माझंच अंग माझ्या ऐकण्यात राहिलं नाही. आधी शिंकेला थेंब, मग हसण्याला, मग जिना उतरताना, आणि मग कारणच लागेना. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला, तो पंधरा दिवस केला आणि कंटाळून सोडला. डायपर मी परभणीहून आणते, कारण मानवतच्या मेडिकलवाल्याची नखं मी तिसरीत तपासली आहेत. परभणीच्या दुकानातही सासूबाईंसाठी हवेत असं सांगते. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. दुकानदार दर वेळी विचारतो, आता कशी आहे तब्येत? मी म्हणते, आहे तशीच.

ओला झालेला डायपर मांड्यांत लोंबत राहतो. आधी कोमट, मग गार, मग चिकट. कातडी लाल होते, खाजते, आणि चारचौघांत हात लावता येत नाही. तो काढून गुंडाळताना मला माझाच उबग येतो. मी तोंड दुसरीकडे करते, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि मला उगाच उचलावं लागतंय. एकात एक अशा तीन काळ्या पिशव्यांत बांधून घंटागाडीत टाकते. एकदा कुत्र्यानं पिशवी फाडली आणि सगळं आमच्या कोपऱ्यावर पसरलं. बायका नाकाला पदर लावून जमल्या, मीही जमले. "कोणाच्या घरचं असेल बाई हे," असं पहिल्यांदा मीच म्हटलं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी फळ्यावर कितीदा लिहून दिली असेल. अर्थ सांगायला उदाहरणं मात्र दुसऱ्यांची द्यायची.

तुझं जे आठवतं ते स्वयंपाकघरातलं. मिरच्या परतायला घेतल्या की तुला ठसका यायचा. ठसका आला की तू उलथनं तसंच तव्यात ठेवून, चुलीकडे तोंड करून, पायावर पाय आवळून उभी राहायचीस. मग हळूच मोरीकडे जायचीस. मी पाटावर बसून हे बघते आहे, हातात भाकरीचा घास आहे आणि तो तोंडात जात नाही. सहा बाळंतपणं झाली होती तुझी. ते कळायचं माझं वय नव्हतं, आणि वय झालं तेव्हा कळून घ्यायची इच्छा नव्हती. जुन्या लुगड्याचे तुकडे सात पदरी करून, गोधडीसारखे टाके घालून तू घड्या शिवायचीस. राखेच्या पाण्यात भिजवून, धुऊन गोठ्यामागे तुराट्यांच्या कुडावर वाळत घालायचीस आणि वरून एखादं धडुतं टाकायचीस, कुणाला दिसू नयेत म्हणून. मला दिसायच्या. वास तर त्याच्या आधी यायचा. कधी तू जवळ घ्यायला हात पुढे केलास की मी अभ्यास आहे म्हणून सटकायची.

आणि तो तुझा फिरकीचा तांब्या. पितळी, झाकण फिरवून घट्ट बसवायचा. गावाला निघालीस की तो मांडीवर असायचा आणि कुठंही गेलीस तरी तो सांडायचाच. देवळात सांडायचा, लग्नाच्या पंगतीत सांडायचा, बैलगाडीत सांडायचा. आत्या म्हणायची, "हिच्या हातालाच भोकं हायेत." सगळ्या गल्लीत तू धांदरट म्हणून ठरून गेली होतीस. दहा वर्षांची होईपर्यंत मला कळून चुकलं होतं की भोकं हाताला नाहीत. ओल्या लुगड्याला काहीतरी कारण लागतं, ते तू बरोबर घेऊन हिंडत होतीस.

मामाच्या लग्नाला जिंतूरला निघालो तो दिवस घे. मी तेरा वर्षांची. वालूरहून एस.टी., गल्लीतल्या दहा-बारा बायका. तू आणि मावशी एका सीटवर. तिचं पहिलं मूल त्याच साली बाळंतपणात गेलं होतं, ती तेव्हा कुणाशी बोलत नसे. तिची सासू तुमच्या पुढच्या सीटवर, मी मागच्या. अर्धी वाट झाली आणि वास आला. मी वाकून पाहिलं तर सीटच्या रेक्झिनवरून धार खाली पत्र्यावर उतरत होती. तेवढ्यात तू तांब्या उपडा केलास. तुझ्या मांडीवर, मावशीच्या मांडीवर, सगळीकडे पाणी. मावशीची सासू ओरडली, "डोळे फुटले का गं तुझे? पोरीला निथळायला लावलंस!" बायका हसल्या, कंडक्टर काहीतरी बोलला, आणि तूही त्यांच्याबरोबर हसलीस. ते हसणं मला त्या वासापेक्षा घाण वाटलं. मी उठले आणि पुढे ड्रायव्हरशेजारच्या इंजिनावर जाऊन बसले. एका बाईनं विचारलं, तुझी माय कोणती गं? मी खिडकीबाहेर बघत राहिले. इंजिन तापलं होतं, मांडी भाजत होती, तरी जिंतूर येईपर्यंत उठले नाही.

तो पोरवयातला प्रकार म्हणून सोडून देता येईल. पुढचा सोडता येत नाही. मला मानवतच्या शाळेत नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. तुला यायचं होतं. ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून तू आठ दिवस आधी उशाखाली घडी करून ठेवलं होतंस, घडी बसावी म्हणून. मी रविवारी वालूरला आले. तू भाकरी थापत होतीस. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "तू येऊ नको. पहिल्या रांगेत बसवतील, हेडमास्तर असतील. तुझा वास येतो. अशा माणसानं घरीच बसावं." तुझा हात थांबला नाही. भाकरी परातीत गोल फिरवत तू म्हणालीस, "बरं माय. न्हाई येत. मला काय कळायलंय त्यातलं." मग भाकरी तव्यावर टाकलीस, तिच्यावर पाणी फिरवलंस आणि मला वाढलंस. मी जेवले, दोन भाकरी जेवले. त्यानंतर तू माझी शाळा कधीच पाहिली नाहीस आणि मी कधी बोलावलं नाही.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला तू बाळंतविडा पाठवलास, त्यात लेकराच्या कुंचीखाली कागदात बांधलेल्या सात घड्या होत्या. भाऊ निरोप घेऊन आला होता, "माय म्हणली, ठिव. आज न्हाई तर उद्या, बाईच्या जातीला लागत्यात." जुन्या लुगड्याच्या, सायीसारख्या मऊ. मी त्या दोन बोटांनी उचलल्या आणि फरशी पुसायला टाकल्या. तू गेलीस तेव्हाही तसंच. तुला शेवटची आंघोळ घातली ती मावशीनं, मी नाकाला पदर लावून दाराबाहेर उभी होते. जंगम आले, आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तुला बसवलं, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठेवलं. लोक रडत होते आणि माझ्या मनात चाललं होतं, आता तरी वास येऊ नये. नंतर भांडी वाटली. तो तांब्या मला देऊ केला तर मी नको म्हटलं. मावशीनं मागून घेतला.

आता औंढ्याचं सांगते. गुरुवार होता, गर्दी नको म्हणून सोमवार टाळला होता. आदल्या दुपारपासून मी पाण्याला शिवले नव्हते. गडद जांभळं, फुलाफुलांचं पातळ नेसले, त्यावर डाग दिसत नाही. खाली एकावर एक दोन डायपर. पिशवीत आणखी दोन, काळ्या पिशव्या, अत्तराची बाटली. गाडीत दाराजवळची सीट धरली आणि शेजारी पिशवी ठेवून दिली, म्हणजे कुणी बसायला नको. गाडी सुरू झाली आणि बायकांनी डबे उघडले. लसणाची चटणी, शिळ्या धपाट्यांचा तेलकट वास, मागे एकीला मळमळायला लागलं. मला सगळ्यांचाच संताप येत होता. ह्या बायका किती बिनघोर खातात, पितात, हसतात, ढेकर देतात. वालूरला मावशी चढली. तिनंच मला फोन केला होता, "मला बी घिऊन चल गं माय, घरात बसून बसून भित्ती मोजायलेय." सत्तरीची झाली आहे, दात मिश्रीनं काळे. ती सरळ आली, माझी पिशवी उचलून खाली ठेवली आणि बसली. मांडीवर तांब्या. मी तो लगेच ओळखला, काठाला तोच पोचा. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

जिंतूरला एका मठात थांबलो. तिथं प्रसाद म्हणून ताक देतात, आणि तेही वाटीभर नाही, पेला भरून. वाढणारी माउली समोर उभी राहते आणि पेला रिकामा झाला की पुन्हा भरते. मी म्हटलं, सर्दी आहे. ती म्हणाली, "परसादानं कुणाला सर्दी झाली हो बाई?" तेरा बायका बघत होत्या. प्रसाद टाकला अशी माझी ख्याती सगळ्या मंडळात झाली असती. दोन पेले प्याले. आदल्या दुपारपासूनची तपश्चर्या दोन पेल्यांत गेली.

जिंतूर सोडताना पेट्रोलपंपावर बायका उतरल्या. ते संडास मी तुला सांगत नाही. सांगतेच. फरशीवर घोट्याएवढं पाणी, ते कशाचं ते विचारू नये, भिंतीला बोटं पुसलेली, आणि दाराला कडी नाही. रांगेत माझ्यामागे गिरणीवाली होती. आमच्या गल्लीत तिची पिठाची गिरणी आहे आणि तिथं ज्वारीबरोबर सगळ्या गल्लीच्या भानगडी दळल्या जातात. "तुमी बसा बाई, मी दार धरते," ती म्हणाली. दार धरलं, पण फटीतून बोलणं चालूच. डायपरची चिकटपट्टी सोडताना चर्रकन वाजते. मी एक पट्टी सोडली आणि बाहेरून आवाज आला, "काय फाटलं ओ बाई?" मी पट्टी परत चिकटवली, ती नीट चिकटली नाही. ओला डायपर तसाच घेऊन गाडीत येऊन बसले. बाहेर येताना गिरणीवालीनं विचारलं, झालं? मी म्हटलं, हो, फार घाण आहे बाई आत.

औंढा पाच-सहा किलोमीटरवर आलं असेल. गिरणीवाली नवऱ्याची गोष्ट सांगत होती, रात्री लाइट गेल्यावर त्यानं तेल समजून डोक्याला काकवी कशी लावली ती. सगळी गाडी हसत होती. मी ओठ दाबून बसले होते. तेवढ्यात ड्रायव्हरनं स्पीडब्रेकर न बघता गाडी घातली. आम्ही सगळ्या वीतभर उडालो आणि खाली आलो, आणि मला कळलं की गेलं. थांबवता येईना. डायपरच्या सुटलेल्या बाजूनं, पातळातून, सीटवरून खाली. त्याचा आवाज येत होता की नाही ते मला आजही माहीत नाही, मला मात्र ऐकू येत होता. पुढच्या सीटवरच्या बाईनं पाय उचलला. "अगं बाई, हे वल्लं कशाचं?" मग वास पसरला. एकेक पदर नाकाला लागला. एकीनं खिडकी उघडली. मला हलता येईना. गिरणीवाली वाकून बघायला लागली, आणि माझ्या मांडीवर गार पाणी पडलं.

मावशीनं तांब्या उपडा केला होता. आधी माझ्या मांडीवर, मग स्वतःच्या. "म्या मेलीनं फिरकी नीट लावली न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. "मास्तरीणबाईचं पातळ भिजवलं बघा." गिरणीवाली कशाला सोडते? "मावशी, पाण्याला असा वास असतोय व्हय?" मावशी हसली, मिश्रीचे दात दाखवून, अगदी खुशाल. "म्हातारीच्या पाण्याला येतोय बाई. वय झालं आता. झालं ते झालं, कुणाचं काय घेतलं का म्या?" बायका शी शी करायला लागल्या. माय, मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. पण मला पक्कं करून घ्यायचं होतं. मी नाकाला पदर लावला, तिच्यापासून चार बोटं सरकले आणि म्हणाले, "मावशी, अशा माणसानं घरीच बसावं." शब्द न् शब्द तोच. वर्गात पाढा म्हणावा तसा तोंडातून आला.

औंढ्याला उतरल्यावर मावशी माझ्या मागोमाग न्हाणीघराशी आली. दाराच्या वरून तिनं एक गाठोडं आत सोडलं. "घे. बदल. घाई न्हाई, म्या हाय हितं." आत तिचं कोरडं पातळ होतं, एकुलतं एक, आणि दोन घड्या. सात पदरी, गोधडीचे टाके. मी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग बसवल्या. डायपर टोचतो, ओरखडतो, त्या टोचल्या नाहीत. मी तिच्या पातळात बाहेर आले, आणि बायका माझ्याकडे बघून हळहळल्या, "बघा बिचाऱ्या बाईंवर काय पाळी आली." मावशी तशीच ओली उभी होती. दर्शनाच्या रांगेत गिरणीवालीनं तिला अडवलं. "तुमी आत नगा येऊ मावशी. तसल्या अंगानं पिंडीपाशी यायलाव, बरं दिसतंय का?" मावशी म्हणाली, "बरं." तुझ्यासारखंच म्हणाली. आपल्यात अंगावर लिंग असलं की विटाळ नसतो, हे तू मला शिकवलं होतंस, मी पाळीच्या दिवशी देवघराबाहेर बसले तेव्हा हाताला धरून आत नेलं होतंस. तिथं हे बोलायला मी एकटीच शिकलेली होते. पण मी एवढंच म्हटलं, माझे गुडघे दुखतात, तुम्ही जाऊन या.

आम्ही दोघी आवारात पायरीवर बसलो. तिनं कळसाकडे बघून हात जोडले, विभूती कपाळाला लावली, थोडी माझ्या कपाळाला लावली. उन्हात तिचं लुगडं वाळत होतं आणि वास येत होता, माझा. मला तिची किळस येत नव्हती असं म्हणणार नाही. येत होती. माझ्या मुताची तिच्या अंगावर मला किळस येत होती, असलं माझं नाक. शेवटी मी विचारलं, हे कशाला केलंस? ती म्हणाली, "माझं काय जायलंय? मला कोण बघायलंय आता? तुह्या आईनं माझ्यासाठी केलं ते काय कमी व्हतं?" मी म्हटलं, कधी? "ते न्हाई का, एस.टी.त. तुह्या मामाच्या लग्नाला जायलो तव्हा. तीन दिस अडले व्हते म्या बाळंतपणात. लेकरू गेलं आन् मला हे लागलं. सासूला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी माहेरी धाडलं असतं, नवऱ्याला दुसरी केली असती. पुढच्याच सीटवर बसली व्हती ती. त्या दिवशी वल्ली म्या झाले व्हते, पोरी. तुही माय कोरडी व्हती."

मग ती सांगत राहिली, तूच पुढे तिच्या नवऱ्याच्या कानावर घातलंस, दवाखान्यात धाडलंस, ऑपरेशन झालं, ती बरी झाली, पुढे तीन लेकरं झाली. तू मात्र स्वतःसाठी कधी दवाखान्यात गेली नाहीस. मी ऐकत होते आणि मला आठवत होतं ते तापलेलं इंजिन. सत्तेचाळीस वर्षं मी त्या धारेची किळस बाळगली, आणि ती धार तुझी नव्हतीच. तुझी असती तरी काय बिघडत होतं, हे आता लिहायला सोपं आहे. मावशीनं शेवटी एकच मागितलं. "पुढच्या बारीला मला सोडू नको बरं का. ह्या बायका काय बी म्हणतील. तू यादी करतीस, म्हून सांगायलेय." मी म्हटलं, नाही सोडणार. परत येताना तिला सगळ्यात मागे, टायरवरच्या सीटवर बसवलं. मी दाराजवळ बसले.

त्यानंतर मंडळ दोनदा बसलं आणि मी दोन्ही वेळा मान हलवली. आज सकाळपासून हा यादीचा कागद पुढे घेऊन बसले आहे. पेन उचललं की हात थांबतो, कारण तिचं नाव लिहिलं तर गिरणीवाली विचारणार, का, आणि त्या "का"ला माझ्याकडे एकच उत्तर आहे. सगळ्या गल्लीत माझ्या नावाआधी माझी स्वच्छता सांगतात. ती गेली की माझ्यापाशी काय उरतं, ते मला खरंच माहीत नाही. आत्ताही मी घडीवर बसले आहे. मावशीकडून आणखी पाच मागून आणल्या, स्वतः धुते, गच्चीवर वाळत घालते आणि वर धडुतं टाकते. धुताना अजून तोंड फिरवते.

इथवर तुला लिहून उठले आणि दुपारी चौदावं नाव लिहिलं. तेरा नावांखाली नाही, सगळ्यात वर, माझ्या नावाच्या आधी. मग मंडळाच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिलं ते खरं लिहिलं, तोच शब्द, जसा आहे तसा. पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलं आणि पुसला. शेवटी गेलं ते असं, "मागच्या खेपेला गाडीत पाणी सांडलं ते माझ्या हातून सांडलं. मावशींचा काही दोष नाही. त्या परळीला येत आहेत." पाणी असंच लिहिलं. चौघींनी हात जोडलेलं चित्र टाकलं. गिरणीवालीनं विचारलंय, "मग वास कशाचा होता ओ बाई?" त्याला तास होऊन गेला. सगळ्यांनी ते वाचलंय, सगळ्या वाट बघत आहेत, आणि मी फोन पालथा घालून तुला हे लिहीत बसले आहे.

तुला वाचता येत नव्हतं, येत असतं तरी हे कुठं पाठवणार होते? उत्तर मला तिथं द्यायचंय, तुला नाही, आणि ते मी देईन असं वाटतं. पण खरं सांगू? आत्ता या घटकेला तू आलीस आणि माझ्या मांडीवर तांब्या उपडा केलास, तर मी तो करू देईन.